नकाशावर ८५ किलोमीटर, आणि घरात अबोला

कल्याणजवळून एका ताईंचं पत्र आलंय. नाव देत नाही, गोषवारा देतो. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची नेपाळमध्ये लुंबिनीला, बुद्धांच्या जन्मस्थानी, जायची फार इच्छा होती, दर वर्षी दीक्षाभूमीला जायचे आणि तिथून आणलेला लुंबिनीच्या अशोक स्तंभाचा एक फोटो देव्हाऱ्याच्या जागी लावलेला असायचा, तो अजूनही आहे. आता ६७ वर्षांच्या आईला घेऊन ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायचं म्हणतायत. आईंचे गुडघे गेलेत, विमानतळावर व्हीलचेअर लागते.

भावाचा प्लॅन असा: मुंबईहून पावणेअकराचं विमान, गोरखपूरला दुपारी १.१० ला उतरायचं, टॅक्सी करून सोनौली बॉर्डर पार करायची, पलीकडे नेपाळात, लुंबिनीजवळच्या भैरहवाच्या विमानतळावरून संध्याकाळी ५.३० ची काठमांडूची फ्लाइट पकडायची. काठमांडू करून झालं की येताना लुंबिनी अर्धा दिवस. त्याचं म्हणणं, दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत फक्त ८५ किलोमीटर अंतर आहे, दोन तास खूप झाले. ताईंना ती टॅक्सी आणि बॉर्डर दोन्ही नकोत. त्यांचा प्लॅन मुंबई-दिल्ली-काठमांडू-भैरहवा, सगळं विमानाने. भाऊ म्हणतो की ८५ किलोमीटर वाचवायला कुणी एवढा उलटा वळसा घालतं का, तुझा माझ्यावर कधी विश्वासच नसतो. गेले तीन आठवडे दोघं फक्त कामापुरतं बोलतायत. ताई विचारतायत, बरोबर कोण?

जय भीम ताई,

बरोबर कोण ते आधीच सांगून टाकतो, दोघंही नाही. पण चुका दोघांच्या वेगवेगळ्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. असली पत्रं मला बरीच येतात, फक्त विमानतळ बदलतात.

तुमच्या भावाचे ८५ किलोमीटर खोटे नाहीत. गोरखपूर आणि भैरहवा जवळजवळ एकाच रेषेत दक्षिण-उत्तर आहेत आणि कावळा उडाला तर तेवढंच अंतर पडतं. पण त्या दोन विमानतळांमध्ये विमान नाही, आणि एवढ्याशा अंतरासाठी ते कुणी चालवणारही नाही कारण वर चढेपर्यंत खाली उतरायची वेळ होईल. शिवाय भारतातून नेपाळच्या आकाशात शिरायच्या वाटा मोजक्या आहेत, बहुतेक विमानं दक्षिण नेपाळातल्या सिमराकडून आत येतात, भैरहवासाठी वेगळी वाट द्या असं नेपाळ कधीपासून मागतोय. म्हणजे १६ मे २०२२ ला एवढा मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला तरी भारतातून जाणाऱ्याला शेवटी रस्ताच. आणि रस्त्याने ते ८५ चे १०० च्या आसपास होतात.

आता हे शंभर किलोमीटर कसे असतात ते सांगतो, कारण मी स्वतः एकदा केलेत. गोरखपूरचा विमानतळ शहराच्या पूर्वेला आणि सोनौलीचा रस्ता उत्तरेला, म्हणजे सुरुवातच शहराच्या ट्रॅफिकने. मग फरेंदा, मग नौतनवा, रस्ता तसा वाईट नाही, आमचा ड्रायव्हर फरेंद्याला चहाला थांबला आणि त्याचा चहा काही कटिंग नव्हता, चांगला वीस मिनिटांचा होता. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला मात्र ट्रकांची रांग लागली. एका बाजूला ट्रक उभे, उरलेल्या अर्ध्या रस्त्यात बस, ई-रिक्षा, सायकली, डोक्यावर पोती घेतलेली माणसं, आणि आमची टॅक्सी. ड्रायव्हरने शांतपणे गाडी बंद केली आणि म्हणाला, साहब यहां से पैदल जल्दी पहुंचोगे. विमानतळाच्या दारापासून बॉर्डरच्या गेटपर्यंत मला तीन तास दहा मिनिटं लागली. सोबत व्हीलचेअरवालं कुणी नव्हतं.

आता भावाचा प्लॅन घड्याळात बसवून बघू. १.१० ला विमान टेकलं. व्हीलचेअरच्या प्रवाशाला सगळ्यात शेवटी उतरवतात, सामान येईल, टॅक्सी भेटेल, १.४५ धरा, तेही सगळं वेळेवर झालं तर. भैरहवाची फ्लाइट ५.३० ची आहे पण ती नेपाळच्या घड्याळाने, आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं असतं. म्हणजे आपल्या हिशोबाने ५.१५. तासभर आधी काउंटरवर पोचायचं तर ४.१५. म्हणजे हातात राहिले अडीच तास, आणि त्यात शंभर किलोमीटर, ट्रकांची रांग, गेट, पलीकडची दुसरी गाडी, विमानतळ, आणि दर वेळी आईंना गाडीतून उतरवणं आणि पुन्हा बसवणं. हे जमतं असं फक्त एक्सेल शीट म्हणतं. ती १५ मिनिटं भल्याभल्यांना फसवतात, कारण बॉर्डरजवळ फोन कधी भारताचा टॉवर पकडतो कधी नेपाळचा, आणि घड्याळ आपोआप पुढेमागे उडी मारत राहतं. त्या दिवशी कुणाच्या तरी मनगटावर साधं घड्याळ असू द्या.

आणि समजा फ्लाइट चुकलीच, तर ती तिकिटं दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या देशातली. एकाच बुकिंगवरचं कनेक्शन असेल तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीवर काही प्रमाणात तरी येते, सुट्या तिकिटांना ते काहीच लागू नाही, तुम्ही आलाच नाहीत एवढंच ते लिहिणार. हे फक्त नेपाळपुरतं नाही, जो कुणी दोन सुटी तिकिटं जोडून "मी कनेक्शन बसवलं" म्हणतो त्याने लक्षात ठेवावं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, बघा, मी म्हणत होते ना. थांबा.

तुमचा प्लॅन पण मी असाच घड्याळात बसवला. मुंबई-दिल्ली साधारण ११४० किलोमीटर, दिल्ली-काठमांडू ८१५, आणि काठमांडूहून परत मागे भैरहवाला १९०. म्हणजे २१०० च्या वर किलोमीटर, तीन टेकऑफ, तीन लँडिंग. सकाळी सहाचं विमान पकडायचं तर कल्याणहून पहाटे तीनला निघणार. दिल्लीत इंटरनॅशनलसाठी तीन तास आधी हजर व्हायचं, म्हणजे तिथे बसून राहणं आलं. दिल्ली-काठमांडू अंतर मुंबई-दिल्लीपेक्षा कमी असूनही कंपन्या त्याला पावणेदोन-दोन तास देतात आणि ते उगाच नाही, काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, आजूबाजूला डोंगर, समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर, गर्दी झाली की विमानं वरच घिरट्या घालत बसतात. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान, मग डोमेस्टिकची इमारत वेगळी, तिथे पुन्हा सामान, पुन्हा सिक्युरिटी, मग ते छोटं एटीआर विमान ज्याला स्वतःच्या अरुंद पायऱ्या असतात. आईंचे गुडघे त्या पायऱ्यांवर आठवा. सगळं सुरळीत झालं तर संध्याकाळी सातला लुंबिनीत, म्हणजे घरापासून सोळा तास. भावाच्या रस्त्याने, ती काठमांडूची फ्लाइट पकडायचा हट्ट सोडला आणि बॉर्डरवरून सरळ लुंबिनीला गेलात, तर सकाळी सातला निघून संध्याकाळी सहा-साडेसहाला पोचता. अकरा-साडेअकरा तास.

म्हणजे भाऊ फक्त किलोमीटर मोजतोय आणि तुम्ही फक्त विमानातले तास. त्याला बॉर्डर दिसत नाहीये, तुम्हाला विमानतळावरचं थांबणं. आणि रस्ता म्हणजे धोका, विमान म्हणजे सुरक्षित आणि आरामाचं, हे तुम्ही जे गृहीत धरलंय ते आईंच्या बाबतीत कितपत खरं आहे? टॅक्सीत त्या पाय लांब करून बसू शकतात, वाटेल तिथे गाडी थांबवून पाय मोकळे करू शकतात. दिल्लीच्या विमानतळावर व्हीलचेअर मिळेल हो, पण तिच्यात तीन तास बसून राहिल्यावर कंबर काय म्हणते ते आमच्या घरच्या ज्येष्ठांना विचारा.

पण खरं सांगू का, तुमच्या पत्रातलं माझं लक्ष वेधून घेतलेलं वाक्य यातलं कुठलंच नाहीये. तुम्ही जाता जाता लिहिलंयत की आई म्हणते, "मला त्या खांबापाशी थोडा वेळ बसायचंय, बाकी तुम्ही ठरवा." आणि मग पुढची दोन पानं पुन्हा फ्लाइट. आता दोन्ही प्लॅनमध्ये तो खांब कुठे आहे बघा. भावाच्या प्लॅनमध्ये तो शेवटच्या दिवशी, अर्ध्या दिवसात, परतीच्या घाईत. तुमच्या प्लॅनमध्ये तो सोळा तासांच्या प्रवासाने मोडलेल्या माणसाच्या दुसऱ्या सकाळी. आणि काठमांडू तर आईंनी मागितलंय असं पत्रात कुठेच नाही. ते कुणी मागितलं? विचारा एकदा त्यांना, पण "आई तुला चालेल ना" असं नको, त्याला त्या हो म्हणणारच, सगळ्या आया म्हणतात. "तिथे गेल्यावर काय काय करायचंय" असं विचारा.

लुंबिनीला अर्धा दिवस पुरत नाही हेही सांगतो. तो सगळा परिसर लांबीला जवळपास पाच किलोमीटर आहे, जपानी वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी आखलेला, १९७८ मध्ये आराखडा मंजूर झाला, मधून कालवा, एका बाजूला थेरवादी देशांचे विहार, दुसऱ्या बाजूला महायानी. आत ई-रिक्षा आणि सायकलरिक्षा मिळतात, पण मायादेवी मंदिराजवळ चालावंच लागतं आणि मंदिराला चपला काढाव्या लागतात. डिसेंबरात ती फरशी बर्फासारखी असते, आईंना जाड मोजे द्या. आत जन्मस्थानाची शिळा आहे तिथे रांग पुढे सरकत राहते, थांबू देत नाहीत फारसं. स्तंभ मात्र बाहेर आहे, कठड्याच्या आत, आणि त्याच्यासमोर बसता येतं, पुष्करिणीच्या पलीकडे पताकांनी भरलेलं झाड आहे तिथे भिक्खू बसलेले असतात, कुणी उठवत नाही. स्तंभावर ब्राह्मीत कोरलंय "हिद बुधे जाते सक्यमुनीति", इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. आणि त्याखाली असं की लुम्मिनि गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि शेतसारा आठव्या भागावर आणला. सम्राट अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी स्वतः आला, आणि जाताना गावाचा कर कमी करून गेला. वडिलांच्या फोटोत ही अक्षरं दिसत नसतील, आईंना तिथे वाचून दाखवा. त्रिशरण-पंचशील म्हणायला, फोटो हातात धरून बसायला, रडायचं असेल तर रडायला, एक पूर्ण सकाळ लागते.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. जाताना भावाचाच रस्ता: मुंबई-गोरखपूर, टॅक्सी, सोनौली, आणि थेट लुंबिनी. बॉर्डरपासून लुंबिनी पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. त्या दिवशी पुढे काहीही पकडायचं नाही. लुंबिनीत दोन रात्री, जमलं तर तीन. काठमांडू सगळ्यांनाच हवं असेल तर मग भैरहवाहून सकाळी उशिराच्या विमानाने जा, पाऊण तासाच्या आत पोचवतं, रस्त्याने तेच साधारण पावणेतीनशे किलोमीटर घाटाचं आहे आणि आठ-दहा तास लागतात, ते गुडघ्यांना नको. डावीकडची खिडकी मागा, हवा स्वच्छ असेल तर हिमालय त्या बाजूला दिसतो. काठमांडूत बौद्धनाथ सपाट आहे, विमानतळापासून जवळही. स्वयंभूला समोरून ३६५ पायऱ्या आहेत, गाडीने मागच्या बाजूने वर जायला सांगा, तरी थोड्या पायऱ्या राहतात, आई नको म्हणाल्या तर सोडून द्या. मग काठमांडूहून विमानाने घरी, गोरखपूरला परत यायचं काही कारणच नाही. म्हणजे जाताना भावाचा रस्ता, येताना तुमचा. तहनामा म्हणून नाही सांगत, घड्याळच तसं सांगतंय.

बॉर्डरचं थोडं. भारतीय टॅक्सी नेपाळात न्यायची तर तिचं भन्सार करावं लागतं, म्हणजे तिकडच्या कस्टमची दिवसावर पावती, आणि त्यात वेळ जातो. सडाफटिंग माणसाने सोनौलीला गाडी सोडून चालत जावं हे उत्तम, दहा मिनिटांत पलीकडे. आईंसाठी मी म्हणेन की लुंबिनीच्या हॉटेललाच सांगा गाडी बेलहियाला पाठवायला, बेलहिया म्हणजे गेटच्या पलीकडचा भाग, आणि मधलं अंतर ई-रिक्षाने. टॅक्सीवाल्याला निघतानाच बजावा की शक्य तितकं गेटजवळ सोडायचं. गेटवर कुणी "कागद बनवून देतो" म्हणत आलं तर हसून पुढे जा, भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, १९५० च्या तहापासून ये-जा खुली आहे.

आता तारखा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा कुणी काढला? तराईत, म्हणजे बॉर्डरच्या आसपासच्या त्या सपाट पट्ट्यात, तेव्हा धुकं असतं, आपल्या माथेरानसारखं गोड धुकं नव्हे, चार-चार दिवस सूर्य न दिसणारं. गोरखपूरची विमानं लेट होतात, वळवतात, भैरहवाची सकाळची विमानं दुपारपर्यंत उभी राहतात. मुलांच्या नाताळच्या सुट्टीसाठी ठरवलं असेल, समजू शकतो. पण पुढे ढकलता आलं तर फेब्रुवारी संपताना किंवा मार्चमध्ये जा. नाहीच ढकलता आलं तर प्रत्येक विमानानंतर एक मोकळी रात्र ठेवा आणि सकाळच्या पहिल्या विमानाच्या नादी लागू नका.

हेच प्रश्न घेऊन बसलेल्या इतरांसाठी एक-दोन गोष्टी. पूर्वेला बागडोगरा आणि नेपाळचं भद्रपूर यांत सरळ रेषेत तीस किलोमीटरसुद्धा नाहीत, तिथेही काकडभिट्टाची बॉर्डर ओलांडून असंच जावं लागतं, आणि तिथेही लोक "अर्ध्या तासात पोचू" म्हणून पुढचं विमान बुक करून ठेवतात. अमृतसर आणि लाहोरचे विमानतळ तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. एप्रिल २०२५ मध्ये अटारीचं फाटक बंद झालं, आता त्या चाळीस किलोमीटरला तास किती ते विचारा. वेबसाइटवर "दोन विमानतळांमधलं अंतर" म्हणून जो आकडा येतो तो कावळ्यासाठी असतो. माणसाने घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत मोजावं, आणि मोजताना घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या वेगाने मोजावं.

पैशाचं म्हणाल तर शंभराच्या नोटा भरपूर न्या, मोठ्या नोटांवरून तिकडे वर्षानुवर्षं कटकट होत आलीय. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे, हा दर ठरलेलाच आहे, त्यामुळे "आयसी की एनसी" हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारून घ्या, आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे. बऱ्याच दुकानांत फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, ती नेपाळची कंपनी आहे, आपल्याकडची नव्हे, पण त्यासाठी इंटरनेट लागतं, तेव्हा रोमिंगचा पॅक निघायच्या आधी मारून घ्या.

भावाशी बोलायचं कसं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. "तू चुकलास" पासून सुरुवात नको. त्याने रस्ता बरोबरच शोधलाय, ते आधी कबूल करा, कारण ते खरंही आहे. मग कागद घ्या आणि दोघांनी मिळून आईंना मध्ये बसवून वेळा लिहा, डावीकडे भारताची वेळ, उजवीकडे नेपाळची. १.१० ला उतरलो, पुढे काय? तो स्वतःच ४.१५ वर येऊन थांबेल. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. आणि "तुझा माझ्यावर विश्वास नसतो" हे त्याचं जुनं दुखणं दिसतंय, वडील गेल्यावर घरातलं कोण ठरवणार याचं. ते लुंबिनीच्या तिकिटावर सुटणार नाही, पण टॅक्सी, बॉर्डर आणि हॉटेलची गाडी हे सगळं त्याच्याकडे पूर्ण सोपवा आणि मग वाटेत दर दहा मिनिटांनी गूगल मॅप उघडून बघू नका. हे तुम्हाला जड जाईल, पत्रावरूनच कळतंय.

आणि कागदपत्रं आज रात्रीच काढून बघा. विमानाने नेपाळला जायला किंवा तिथून यायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधारची सवलत फक्त १५ च्या आतल्या आणि ६५ च्या वरच्यांना, म्हणजे आईंना चालेल, तुम्हा दोघांना नाही. तरी आईंचं मतदार कार्डही सोबत असू द्या. त्यावर नाव माहेरचं आहे की सासरचं ते पाहून तिकीट त्याच स्पेलिंगने काढा.